पट्टी मोबाईलवर आणायची तर आधी पान बदला, फ्रेमवर्क नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद-बेदाण्याच्या अडत दुकानासाठी तुम्ही दोघा मित्रांनी सहा वर्षांपूर्वी जँगोमध्ये (पायथन भाषेतलं फ्रेमवर्क, म्हणजे वेब सॉफ्टवेअरची तयार चौकट) सॉफ्टवेअर केलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ते अजूनही व्यवस्थित चालतं. आता मालक म्हणतात, दिवाणजी सौद्याला उभे असतात, तिथल्या तिथं मोबाईलवर नोंद झाली पाहिजे. पण मोबाईलवर उघडलं की अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि फॉर्म डावीकडे-उजवीकडे सरकवत भरावा लागतो. तेव्हा सगळं रिॲक्टमध्ये (ब्राउझरात पान घडवणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी) पुन्हा लिहावं, फ्लटर या साधनानं मोबाईल ॲप करावं, की बूटस्ट्रॅप ही तयार सजावट लावून भागवावं?

माझं उत्तर: आज तरी यातलं काहीच नको. मी पंधराएक वर्षं याच भागात अशी कामं करतोय. दूध संकलन, ऊस नोंदी, बेदाण्याची शीतगृहं, अडत दुकानं. त्यातलं एक काम मी तुमच्यासारखाच विचार करून मुळापासून पुन्हा लिहिलं होतं. आठ महिने गेले. जुन्या पानावर एकोणीस रकाने होते, नव्या पानावरही एकोणीसच राहिले, फक्त दिसायला देखणे. दिवाणजी सौद्यात वहीतच लिहीत राहिले आणि संध्याकाळी ऑफिसात येऊन वहीवरून कॉम्प्युटरवर चढवत राहिले. ज्या कामासाठी पैसे घेतले ते झालंच नव्हतं. तेव्हापासून मी फ्रेमवर्कचा विषय निघण्याआधी सौद्याच्या शेडमध्ये जाऊन उभा राहतो.

दोष कुठं असतो ते आधी सांगतो. जँगो असो, रेल्स असो, लाराव्हेल असो, ही फ्रेमवर्क डेटाबेसकडून स्क्रीनकडे येतात. जँगोत तुम्ही मॉडेल, म्हणजे टेबलाचं कोडमधलं वर्णन, लिहिता, त्यावरून मॉडेलफॉर्म तयार होतो आणि मॉडेलमधला प्रत्येक रकाना आपसूक पानावर उतरतो. दोन दिवसांत चालू सॉफ्टवेअर उभं राहतं ते यामुळेच, आणि त्यासाठी मी या फ्रेमवर्कचा ऋणी आहे. पण असं तयार झालेलं पान म्हणजे टेबलाची सावली असते. सतरा इंची मॉनिटरवर, खुर्चीत बसून, शांतपणे भरणाऱ्याला ती चालून जाते. मोबाईलवर चालत नाही, कारण मोबाईलवर माणूस टेबलातली ओळ भरत नसतो. तो त्या क्षणी समोर घडलेली एक गोष्ट नोंदवत असतो.

तुमच्या दुकानातला एक व्यवहार घ्या. सकाळी माल उतरतो, पोती मोजली जातात, लॉटला नंबर पडतो. मग सौदा होतो, दर आणि खरेदीदार ठरतो. मग काट्यावर वजन. मग हमाली, तोलाई वगैरे वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब. तुमच्या डेटाबेसात हे सगळं एकाच ओळीत असेल, आणि ते बरोबरच आहे. पण प्रत्यक्षात ते चार वेळांना, चार जागी, बहुतेक वेळा तीन वेगळ्या माणसांच्या हातून होतं. तेव्हा पानंही चार पाहिजेत. सौद्याच्या पानावर आजच्या लॉटची यादी, लॉटवर बोट ठेवलं की दर आणि खरेदीदार, संपलं. वजनाचा रकाना तिथं दिसताच कामा नये.

यासाठी मॉडेल मोडावं लागत नाही. एकाच मॉडेलवर चार छोटे फॉर्म करा, प्रत्येकाला त्याचे दोन-तीन रकाने. मॉडेलला 'स्थिती' नावाचा एक रकाना जोडा: आवक, सौदा, वजन, पट्टी. अडचण येते ती सक्तीच्या रकान्यांची. आज तुमचं वजन सक्तीचं असेल, म्हणजे वजनाशिवाय ओळ सेव्हच होणार नाही. ती सक्ती रकान्यावरून काढा आणि स्थितीवर ठेवा: स्थिती 'पट्टी' असेल तर वजन आणि दर असलेच पाहिजेत. जँगोत २.२ पासून चेक कन्स्ट्रेंट आहे, त्यामुळे हा नियम थेट डेटाबेसात बसतो आणि कोणत्याही पानावरून मोडता येत नाही.

आता शेडमध्ये काय दिसतं ते. मी पाहिलेल्या दिवाणजींच्या डाव्या हातात वही आणि नमुन्याची हळकुंडं होती. मोबाईल उजव्या हातात, आणि काम करणारा एकच अंगठा. बोटं हळदीच्या पुडीनं पिवळी, वर घाम. धूळ जाऊ नये म्हणून फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, त्यामुळे बोट एकदा टेकवून भागत नाही, दोनदा दाबावं लागतं. शेडमधून बाहेर पाऊल टाकलं की फेब्रुवारी-मार्चचं ऊन थेट स्क्रीनवर. आमच्या पानावरची फिकट राखाडी अक्षरं, जी ऑफिसात मला फार सोज्वळ वाटली होती, तिथं दिसतच नव्हती. "दादा, ह्यात काय लिवलंय ते तुम्हीच वाचा," असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

त्या एका सकाळीनं मला जे शिकवलं ते मार्गदर्शक तत्त्वांतही लिहिलेलं आहे, पण तिथं वाचून ते अंगात भिनलं नव्हतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातलं कॉन्ट्रास्टचं प्रमाण निदान ४.५ ला १ असावं, असं डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेब पानं सर्वांना वापरता यावीत यासाठीची तत्त्वं, सांगतं. उन्हात काम असेल तर मी पांढऱ्यावर जवळपास काळंच ठेवतो. बटणाच्या आकारासाठी २०२३ साली आलेल्या त्याच्या २.२ आवृत्तीत किमान २४ पिक्सेलची अट आहे, ॲपल ४४ सांगतं, गुगलची मटेरियल ही डिझाइन-पद्धत ४८. हळदीच्या हातांसाठी मी ५६ च्या खाली जात नाही, आणि दोन बटणांत मोकळी जागा सोडतो. 'सेव्ह' आणि 'रद्द' शेजारी शेजारी कधीच नाही. मुख्य बटण खाली, अंगठ्याच्या टप्प्यात. मेन्यू माउस नेल्यावर उघडणारा असेल तर तो काढून टाका. बोटाला घिरट्या घालता येत नाहीत.

व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग तुमच्या बेस टेम्प्लेटमध्ये नसणार, अक्षरं मुंगीएवढी दिसतात ती त्यामुळेच. तो नसला की मोबाईलचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो. विड्थला डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केलला १, एवढं पुरे. काही जण त्यात झूम बंद करणारी सूचनाही घालतात. ती घालू नका, साठीच्या दिवाणजींना चिमटीनं अक्षर मोठं करता आलं पाहिजे. इनपुटमधला फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असला तर आयफोनवर रकान्याला हात लावताच पान आपोआप झूम होतं, तेव्हा तोही १६ किंवा जास्त ठेवा. देवनागरीसाठी ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा मोकळं लागतं, १.२ वर रफार आणि उकार एकमेकांना भिडतात, मी १.६ ठेवतो.

फॉर्मच्या मांडणीबद्दल एक सोपी आणि मोठ्या फायद्याची गोष्ट. जँगोच्या जुन्या आवृत्त्यांत फॉर्म टेम्प्लेटमध्ये नुसता छापला की तो टेबलाच्या ओळी बनून यायचा. लेबल डावीकडे, रकाना उजवीकडे. मोबाईलवर आडवं सरकवावं लागतं त्यातलं निम्मं दुखणं इथं आहे. ४.१ मध्ये टेबलाऐवजी डिव्हची (साध्या खोक्यांची) मांडणी आली आणि ५.० पासून तीच मूळ मांडणी झाली. त्यामुळे आवृत्ती वाढवा, आणि त्याबरोबर स्वतःचा फॉर्म रेंडरर लिहून एका रकान्याचा टेम्प्लेट एकदाच घडवा: वर लेबल, खाली पूर्ण रुंदीचा रकाना, त्याखाली चूक असेल तर लाल अक्षरांत मराठी वाक्य. हा एक टेम्प्लेट नीट झाला की सॉफ्टवेअरमधले सगळे फॉर्म एका दिवसात सुधारतात. पन्नास पानांवर बूटस्ट्रॅपचे क्लास चिकटवत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आकड्यांचा रकाना हा मात्र स्वतंत्र विषय आहे, आणि मराठी वापरकर्त्यांसाठी त्यात जे खाचखळगे आहेत ते इंग्रजी लेखांत सापडत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगतो.

जँगो आकड्याच्या रकान्याला आपणहून 'नंबर' प्रकारचा इनपुट देतो. दिवाणजींच्या फोनवर मराठी कीबोर्ड असतो आणि ते '१४५००' असं देवनागरीत टाकतात. नंबर प्रकारच्या इनपुटमध्ये याचं काय होईल ते ब्राउझरवर अवलंबून असतं, आणि ब्राउझरला तो आकडा वैध वाटला नाही तर तुमच्या जावास्क्रिप्टला रिकामी स्ट्रिंग मिळते. मजकूर म्हणून घेतला तरी जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन देवनागरी अंकांना आकडा मानत नाही. उलट पायथन मानतो: इंट आणि डेसिमल दोघेही '१४५००' चे बिनतक्रार चौदा हजार पाचशे करतात. म्हणजे सर्व्हर तयार आहे आणि दारातला पहारेकरी अडवतोय. उपाय असा की इनपुट साधा 'टेक्स्ट' ठेवायचा, इनपुटमोडला 'डेसिमल' द्यायचं म्हणजे आकड्यांचा मोठा कीपॅड उघडतो, आणि देवनागरी अंक, स्वल्पविराम, मोकळ्या जागा साफ करणारं एकच छोटं फंक्शन सर्व्हरवर ठेवायचं.

याची दुसरी बाजू मला महागात पडली. मोबाईल नंबर तपासायला मी रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रात) दहा वेळा 'कोणताही अंक' असं लिहिलं होतं. पायथनच्या लेखी देवनागरी अंकही अंकच. त्यामुळे काही शेतकऱ्यांचे नंबर देवनागरीत जसेच्या तसे साठले, आणि एसएमएस पाठवायच्या दिवशी नेमके तेच गळाले. पट्टी झाल्याचा निरोप गेला नाही म्हणून माणसं गावाहून हेलपाटा मारून आली. तिथं 0 ते 9 असे इंग्रजी अंक स्पष्ट लिहा, आणि साफ करणारं फंक्शन तपासणीच्या आधी चालवा.

दराची चूक पैशाची चूक असते. १४,५०० ऐवजी १,४५० पडलं तर संगणकाला त्यात काही वावगं दिसत नाही. म्हणून मी दोन गोष्टी करतो. दर टाकता टाकताच खाली अक्षरी उमटवतो, 'चौदा हजार पाचशे रुपये क्विंटल'. दिवाणजी आकडा वाचत नाहीत, शब्द वाचतात, आणि चूक तिथंच पकडतात. शिवाय आजच्या इतर लॉटच्या दरापेक्षा फार खाली किंवा वर असेल तर अडवत नाही, फक्त विचारतो: 'हाच दर?' अडवायचं नाही याचं कारण असं की डागी माल खरोखरच पडत्या दरानं जातो. आकडे दाखवताना लाखाची मांडणी ठेवा. जँगोच्या नंबर ग्रुपिंगमध्ये तीन, दोन, शून्य असा क्रम दिला आणि लोकलायझेशन त्यावर चालेल अशी सोय केली की १,४५,००० असं येतं.

नावांच्या शोधातही अशीच एक अडचण आहे. 'कऱ्हाड' लिहायच्या दोन पद्धती आहेत. काही कीबोर्ड नुक्त्याचा 'ऱ' वापरतात, काही साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, डेटाबेसला मात्र वेगळे शब्द. शेतकऱ्याचं खातं असूनही शोधात सापडत नाही, मग त्याच माणसाचं दुसरं खातं उघडलं जातं आणि उचल एका खात्यावर, पट्टी दुसऱ्यावर. युनिकोडचं नॉर्मलायझेशन हा फरक पुसत नाही, कारण ते जोडचिन्ह तसंच राहतं. सेव्ह करताना आणि शोधताना दोन्ही वेळा एकच रूप करून घ्या. दोन ओळींचं काम आहे, पण वर्षाअखेरच्या हिशोबातली भांडणं वाचतात.

खरेदीदार आणि शेतकरी यांचे ड्रॉपडाउन. तुमच्याकडे समजा चार हजार शेतकरी आहेत. गावासकट नाव काना-मात्रा धरून २५ चिन्हांचं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. टॅग धरून एका नावाचे शंभर बाइट, म्हणजे पान उघडताना दर वेळी ४०० केबी नुसती नावं. जीझिपनं ते बरंच आवळलं जातं, तरी स्वस्त फोनला चार हजारांची यादी उभी करावीच लागते. यादी पाठवू नका. दोन अक्षरं टाकली की सर्व्हरनं आठ नावं द्यावीत. जँगोच्या ॲडमिनमध्ये (तयार मिळणाऱ्या व्यवस्थापनाच्या पानांत) हे २.० पासून ऑटोकम्प्लीट फील्ड्स नावानं तयार आहे, बाहेरच्या पानांवर एचटीएमएक्स या छोट्या जावास्क्रिप्ट लायब्ररीनं पंधरा ओळींत होतं. सौद्याच्या पानावर तर शोधही नको: रोजचे खरेदीदार पंधरा-वीसच असतात, त्यांची बटणं करा, आज जो जास्त घेतोय तो वर.

ॲडमिनचा विषय निघालाच म्हणून सांगतो, डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.० पासून जँगोचं ॲडमिन मोबाईलवर नीट बसतं. म्हणून काही जण दिवाणजींना ॲडमिनच देऊन टाकतात. तसं करू नका. ते संस्थेच्या आतल्या व्यवस्थापनासाठी आहे, अख्खं दर्शनी सॉफ्टवेअर त्यावर उभारायला नाही, असं जँगोच्या अधिकृत दस्तऐवजातच सांगितलंय. मालकांना चूक दुरुस्त करायला ते उत्तम.

पत्र्याच्या शेडमध्ये रेंज कधी असते, कधी नसते. दिवाणजी 'सेव्ह' दाबतात, काही होत नाही, म्हणून पुन्हा दाबतात. पहिली नोंद खरं तर पोचलेली असते, फक्त उत्तर परत आलेलं नसतं. झाल्या दोन नोंदी. बटण दाबल्यावर निष्क्रिय करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. फॉर्म उघडताना त्यात एक लपवलेला यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख-क्रमांक) घाला आणि डेटाबेसात त्याला युनिक ठेवा. तोच पुन्हा आला तर चूक दाखवायची नाही, आधी झालेली नोंद दाखवायची. हे मी आता प्रत्येक कामात पहिल्या दिवशीच घालतो.

फोनवर पान सकाळपासून उघडं राहतं, मध्येच कोणीतरी दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन करतं, आणि मग सेव्ह दाबल्यावर जँगोचं सीएसआरएफचं (बनावट विनंती अडवणाऱ्या तपासणीचं) इंग्रजी पान समोर येतं. दिवाणजींना वाटतं आपल्या हातून काहीतरी मोडलं. सेटिंगमध्ये सीएसआरएफ फेल्युअर व्ह्यू बदलता येतो. तिथं मराठीत लिहा, 'पान जुनं झालं होतं, पुन्हा उघडतोय', आणि त्यांनी टाकलेला दर ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमधून परत भरा. टाकलेलं काम एकदा जरी गेलं तरी माणूस वहीकडे वळतो, आणि मग त्याला परत आणणं फार अवघड.

तारखेच्या रकान्यात मोबाईलचा स्वतःचा कॅलेंडर वापरा, पण लक्षात ठेवा, डेट प्रकारच्या इनपुटला मूल्य वर्ष-महिना-दिवस याच क्रमानं लागतं. जँगोनं ते आपल्या दिवस-महिना-वर्ष क्रमानं दिलं तर जुनी नोंद उघडताना तारीख कोरी दिसते. विजेटला (रकाना पानावर काढणाऱ्या जँगोच्या भागाला) फॉरमॅट स्पष्ट द्या.

याद्या आणि अहवाल यांवर फार वेळ घालवू नका. बारा रकान्यांची पट्टी-यादी मोबाईलवर चारच गोष्टी दाखवू दे: लॉट, शेतकरी, वजन, रक्कम. बाकी ओळीवर बोट ठेवल्यावर. वार्षिक ताळेबंद मोबाईलवर कोणी वाचत नाही, तो ऑफिसच्या पडद्यावर आहे तसाच राहू द्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. रेल्सवाल्यांकडे हॉटवायर आहे, लाराव्हेलवाल्यांकडे लाइव्हवायर, तुमच्याकडे जँगोबरोबर एचटीएमएक्स. तिघांचा सूर एकच, पान सर्व्हरवर घडवायचं आणि बदललेला तुकडा तेवढा पाठवायचा. दोघांच्या टीमसाठी मला हेच योग्य वाटतं. रिॲक्टमध्ये गेलात तर एपीआय, लॉगिन, तपासण्या सगळं दोन ठिकाणी सांभाळावं लागेल, आणि हंगामात मालकांचा फोन आला की दोन्ही ठिकाणी शोधावं लागेल. होम स्क्रीनवर आयकॉन हवा असेल तर मॅनिफेस्टची फाइल आणि एचटीटीपीएस पुरेसं आहे. मालकांना 'ॲप' म्हणजे बहुधा तोच आयकॉन हवा असतो, त्यांना विचारून घ्या.

फ्लटरकडे मी दोनच कारणांनी जाईन. एक, काट्याचं वजन ब्लूटूथवरून थेट फोनमध्ये घ्यायचं असेल. दोन, दिवसभर नेटशिवाय काम करून रात्री सगळं जुळवायचं असेल, जसं ऊसतोडीच्या फडात लागतं. यार्डात तशी गरज दिसत नाही. आणि पुढे लागलीच, तर चार वेळांची चार पानं वेगळी केलेली असतील, त्यातलं वजनाचं पान तेवढं ॲपमध्ये न्यायचं.

पुढच्या सौद्याला लॅपटॉप घरी ठेवा आणि सकाळी शेडमध्ये जा. पहिला लॉट पुकारल्यापासून दिवाणजी वहीत काय लिहितात, कोणत्या क्रमानं आणि कोणत्या खुणेनं, तेवढंच उतरवून घ्या. शक्य असेल तर त्यांच्या परवानगीनं त्या पानाचा फोटो काढा. सौद्याच्या पानाचा आराखडा त्या फोटोतच असतो. मी केलेल्या शेवटच्या तिन्ही कामांत रकान्यांचा क्रम वहीवरूनच घेतला आहे.